साथीचें गणित आणि पुण्याचीं माणसें

शहरांत साथ शिरली म्हणजे दोन प्रश्न प्रत्येकाच्या तोंडीं येतात. ही साथ कोठवर जाईल, हा पहिला. आणि कोणता उपाय केला असतां ती आटोक्यांत येईल, हा दुसरा. उत्तर देणारा मनुष्य अधिकारी असो, डॉक्टर असो, कीं घरचा कर्ता पुरुष असो, उत्तर देण्यापूर्वीं त्याच्या मनांत शहराचें एक चित्र असावेंच लागतें. रोग कोठें राहतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, माणसें कोणाच्या घरीं जातात, कोणाच्या पंक्तीला बसतात, आणि सरकारी हुकूम सुटला म्हणजे तीं काय करतात, याविषयीं कांहीं कल्पना मनाशीं धरल्यावांचून उपाय सुचत नाहीं. कल्पना बरोबर असेल तर उपाय लागू पडतो. ती चुकीची असेल तर रोग राहतो बाजूला आणि उपायाचाच उपद्रव होतो.

अलीकडे हें चित्र संगणकांत मांडतात. शहरांत जितकीं माणसें, तितकीं नकली माणसें संगणकाच्या स्मृतींत वसवावयाचीं, त्यांना घरें, शाळा, कचेऱ्या नेमून द्यावयाच्या, त्यांच्यांत एक-दोन रोगी सोडावयाचे, आणि पुढें काय होतें तें पाहावयाचें, अशी ही रीति आहे. तिला शास्त्रज्ञ एजंट-बेस्ड मॉडेल म्हणतात. आपण तिला व्यक्तिगणिक प्रतिमान म्हणूं. ही विद्या एकाएकीं जन्मास आली नाहीं. तिच्यामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराच भाग मुंबई-पुण्याच्या प्लेगाशीं जोडलेला आहे. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनीं गांठीचा प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोंचला. १८९७ च्या ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला, आणि त्याच महिन्यांत वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं पुण्याकरितां प्लेग समिति नेमण्यांत आली. मार्चपासून मेपर्यंत सैनिकांच्या तुकड्या पेठापेठांतून घरोघर फिरल्या. रोगी सांपडला कीं त्याची रवानगी इस्पितळांत होई. त्याच्या घरच्या माणसांना शहराबाहेरच्या छावणींत ठेवीत. अंथरूण-पांघरूण जाळीत, जमिनी उकरीत, भिंतींना चुना फांशीत. देवघर, माजघर, स्वयंपाकघर असा भेद त्या झडतींत उरला नाहीं.

या हुकुमांच्या मागें जें चित्र होतें, तें दोन अंगांचें होतें. पहिलें अंग रोगाविषयींचें. रोग मलिन घरांत, रोग्याच्या वस्त्रांत आणि रोग्याच्या सहवासांत राहतो, अशी समजूत होती. गांठीचा प्लेग मुख्यतः उंदरांचा आजार असून उंदरांवरील पिसवा तो माणसांना देतात, हें तेव्हां डॉक्टरांना ठाऊक नव्हतें. उंदीर पडूं लागले म्हणजे घर सोडून रानांत जावें, हा गढवाल-कुमाऊंकडील खेडुतांचा जुना अनुभव होता. पण तो पुण्याच्या समितीच्या चित्रांत आला नव्हता. १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस पिसवेचा प्रयोग केला, आणि १९०५ पासून मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग संशोधन मंडळानें केलेल्या प्रयोगांनीं ती गोष्ट पक्की झाली. म्हणजे १८९७ सालीं शिपाई एका घरांतील गोधड्या जाळीत असतां, रोगाचा खरा वाहक भिंतीच्या बिळांतून शेजारच्या घरीं जात होता.

दुसरें अंग माणसांविषयींचें. समितीच्या चित्रांत घरें होतीं, गल्ल्या होत्या, रोगी होते. परंतु हुकूम ऐकून स्वतःच्या बुद्धीनें कांहीं ठरविणारीं माणसें त्यांत नव्हतीं. प्रत्यक्षांत पुण्याच्या माणसांनीं बरेंच कांहीं ठरविलें. इस्पितळांत गेलेला माणूस परत येत नाहीं, अशी धास्ती पसरली. आजारी माणसाला माळ्यावर, अडगळीच्या खोलींत, परसांत लपविण्यांत आलें. अनेकांनीं बिऱ्हाडें हालवून गांवीं जाणें पत्करलें, कित्येकांनीं शहराबाहेर झोंपड्या घातल्या. लपविलेला रोगी सरकारी नोंदींत येत नाहीं, आणि ज्याची नोंद नाहीं त्याच्यावर उपायहि होत नाहीं. ज्या आंकड्यांच्या भरंवशावर समिति पुढचे हुकूम काढी, ते आंकडेच तिच्या आधींच्या हुकुमांनीं बिघडविले होते. याच शहरांत त्या दिवसांत दुसराहि एक मार्ग चालू होता. डॉ. यशवंत फुले यांनीं हडपसरच्या बाजूस दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई फुले रोग्यांना तेथें पोंचविण्याच्या कामीं झटत होत्या. त्याच कामांत त्यांना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रोगी जेथें आपण होऊन येतो ती जागा, आणि जेथें त्याला ओढून न्यावें लागतें ती जागा, या दोहोंतील अंतर रँडसाहेबांच्या चित्रांत कोठेंच नव्हतें.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाला, रँड ३ जुलैस मरण पावला. टिळकांना राजद्रोहाखालीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली, चाफेकर फांसावर गेले. आणि एवढें सारें होऊनहि प्लेग गेला नाहीं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत तो पुण्यांत पुन्हां आला, आणि पुढें कित्येक वर्षें येत राहिला. राजकीय इतिहासकार या प्रकरणाचा विचार जुलूम आणि प्रतिकार या दृष्टीनें करतात, व तो योग्यच आहे. साथीच्या शास्त्राच्या दृष्टीनें पाहतां त्याचा आणखी एक अर्थ निघतो. एका सबंध शहरावर एक न पारखलेला उपाय करून पाहण्यांत आला; आणि तो फसला हें समजण्यासाठीं जिवंत माणसांना त्याची किंमत मोजावी लागली.

योगायोग असा, कीं उपाय करण्यापूर्वीं त्याचें गणित मांडावें, हा विचार ज्या माणसानें जगापुढें आणला, त्याच्या आयुष्यांतहि १८९७ हेंच वर्ष महत्त्वाचें ठरलें. अलमोड्यास जन्मलेल्या रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरानें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले. १९०२ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्याचें दुसरें काम तितकेंच मोलाचें आहे. डासांचा समूळ नायनाट होणें शक्य नाहीं, मग ते मारून उपयोग काय, असें लोक त्याला विचारीत. रॉसनें समीकरणें मांडून दाखविलें, कीं सगळे डास मारण्याची गरजच नाहीं; त्यांची संख्या एका ठराविक मर्यादेखालीं आणली तर हिवताप आपोआप ओसरत जाईल. साथीला एक उंबरठा असतो, आणि तिला त्या उंबरठ्याच्या अलीकडे रोखणें पुरेसें असतें, हें या गणितानें प्रथम स्पष्ट झालें.

रॉसबरोबर आफ्रिकेंत हिवतापाचें काम केलेला अँडरसन मॅकेंड्रिक हा तरुण डॉक्टर पुढें हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरींत आला, आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेंत त्यानें अनेक वर्षें काढलीं. प्रकृतीच्या कारणास्तव तो १९२० सालीं एडिंबरोस परतला. तेथें विल्यम केरमॅक हा रसायनशास्त्रज्ञ त्याला भेटला. प्रयोगशाळेंतील स्फोटानें त्याची दृष्टि १९२४ सालीं गेली होती. या दोघांनीं १९२७ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजहि साथीच्या गणिताचा पाया समजला जातो.

त्यांची कल्पना सोपी आहे. शहरांतील सर्व माणसांचे तीन गट करा: ज्यांना रोग होऊं शकतो ते, ज्यांना तो झाला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून त्या फेऱ्यांतून सुटले ते. पहिल्या गटांतून दुसऱ्यांत आणि दुसऱ्यांतून तिसऱ्यांत माणसें किती वेगानें जातात, हें समीकरणांनीं सांगा. समजा, आरंभीं एक रोगी सरासरीनें दोघांना रोग देतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ अशी वाढ होत जाते. पण शहरांतील निम्मीं माणसें रोग होऊन सुटलीं, म्हणजे त्या दोघांपैकीं एक आधींच सुटलेला निघतो, आणि एका रोग्यामागें एकच नवा रोगी होतो. तेथून साथ उतरणीला लागते. साथ थांबण्यासाठीं प्रत्येकाला रोग होऊन जावा लागत नाहीं, हें या गणिताचें मोठें फलित होय. लस टोंचण्याच्या आजच्या अनेक मोहिमा याच तत्त्वावर उभ्या आहेत.

आपल्या समीकरणांची परीक्षा पाहण्यासाठीं त्यांनीं जे आंकडे घेतले, ते मुंबईचे होते: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळांत मुंबई बेटावर प्लेगनें झालेल्या आठवडेवार मृत्यूंचे. त्यांच्या सूत्रानें काढलेली वक्ररेषा हळूहळू चढत एप्रिलच्या मध्याच्या सुमारास आठवड्यास सुमारें ८९० मृत्यूंवर पोंचते आणि तशीच उतरते. प्रत्यक्षांतील आंकडे त्या रेषेच्या अगदीं लगत बसतात. जगांतील विद्यार्थी आजहि ही आकृति अभ्यासतात. तिच्यांतील एकेक ठिपका म्हणजे मुंबईच्या चाळींतून त्या आठवड्यांत निघालेल्या प्रेतयात्रांची बेरीज आहे, हें मात्र फारच थोड्यांच्या ध्यानांत येत असेल.

परंतु श्रोतेहो, येथें थोडें थांबलें पाहिजे. समीकरणें माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगाचीं होतीं, आणि मुंबईचा प्लेग उंदरांकडून येत होता. त्याचा चढउतार उंदरांच्या मरणावर आणि ऋतुमानावर अवलंबून होता. केरमॅक व मॅकेंड्रिक यांना याची जाणीव होती. माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगाचें प्रतिबिंब आहे, हें त्यांनीं निबंधांतच कबूल केलें आहे. तरीहि रेषा आणि आंकडे जुळले. आंकडे जुळले म्हणजे कारण सांपडलें असें होत नाहीं, हा धडा या विद्येच्या पहिल्याच प्रसिद्ध आकृतींत लिहिलेला आहे. रँडच्या समितीजवळ गणित नव्हतें, येथें उत्तम गणित होतें; तथापि उंदीर दोन्ही चित्रांत नव्हता.

या तीन गटांच्या गणितांत दुसरेंहि एक न्यून होतें. त्यांत शहरांतील प्रत्येक माणूस इतर प्रत्येक माणसाला सारख्याच प्रमाणांत भेटतो असें धरलेलें असतें. जणूं सारें शहर एका मोठ्या पातेल्यांत ओतून पळीनें ढवळलें आहे. खरें शहर असें नसतें. सदाशिव पेठेंतील पेन्शनर दिवसाकाठीं पांच माणसांशीं बोलत असेल, तर मंडईंतील भाजीवाली पांचशें गिऱ्हाइकांशीं. त्या दोघांची सरासरी काढली तर जो माणूस निघतो, तो पुण्यांत कोठेंच राहत नाहीं.

हें न्यून भरून काढण्याचे प्रयत्नहि लवकरच सुरू झाले. त्याच सुमारास अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत लोवेल रीड आणि वेड फ्रॉस्ट हे दोन प्राध्यापक विद्यार्थ्यांना साथ शिकविण्यासाठीं रंगीत गोट्या वापरीत. एका रंगाच्या गोट्या निरोगी माणसें, दुसऱ्या रंगाच्या रोगी, तिसऱ्या रंगाच्या बऱ्या झालेल्या. त्या मिसळून पन्हळींत ओळीनें लागूं द्यावयाच्या, आणि रोग्याच्या शेजारीं कोण आला तें पाहून पुढचे रोगी ठरवावयाचे. खेळ पोरकट दिसतो; पण त्यानें एक मोठी गोष्ट उघड केली. त्याच गोट्या, तेच नियम, तरी प्रत्येक खेपेस निकाल निराळा. एखादे वेळीं तीन-चार रोग्यांत साथ विझते, एखादे वेळीं निम्म्याहून अधिक गोट्या रंग बदलतात. तेव्हां साथीविषयीं एकच आंकडा सांगणारा ज्योतिषी खरा नव्हे. अमुक घडण्याचा संभव इतका, असेंच या शास्त्राला बोलतां येतें.

पुढें संगणक आला आणि गोट्यांची जागा आंकड्यांनीं घेतली. १९७६ सालीं लायला एल्व्हबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक हजार वस्तीचें कल्पित गांव संगणकांत मांडलें. त्यांत कुटुंबें होतीं, शाळा होत्या, एकत्र खेळणारीं लहान मुलें होतीं. शाळेंतील मुलांना लस टोंचली तर सबंध गांवाचा इन्फ्लुएन्झा किती कमी होतो, असा प्रश्न त्या गांवाला विचारतां आला. २००४ सालीं स्टीफन यूबँक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पोर्टलंड शहराचें असें प्रतिमान केलें, आणि माणसांच्या दैनंदिन येण्याजाण्यावरून त्यांच्या संबंधांचें जाळें विणलें. याच काळांत जाळ्यांच्या गणिताचीहि भरभराट झाली. कांहीं थोड्या माणसांचे संबंध फार आणि बहुतेकांचे थोडे, असें जाळें असेल तर रोग त्या थोड्यांमार्फत वणव्यासारखा पसरतो. मग लस थोडी असतां ती कोणाला द्यावी? त्या बहुसंबंधी माणसांची यादी कोणापाशींच नसते. २००३ सालीं रूवेन कोहेन, श्लोमो हावलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर युक्ति सुचविली: कोणत्याहि माणसाला गांठून त्याच्या ओळखीच्या एकाचें नांव विचारावें, आणि लस त्या ओळखीच्या माणसाला द्यावी. पेन्शनरांच्या ओळखींत भाजीवाली असण्याचा संभव फार. कारण ती सर्वांच्याच ओळखीची असते.

आतां आपण पुण्याकडे येऊं. पुणें शहर संगणकांत वसवावयाचें तर काय काय लागेल? २०११ च्या जनगणनेंत महापालिकेच्या हद्दींत सुमारें ३१ लाख माणसें होतीं. त्यांतील प्रत्येकाचें नांव नको, पण प्रत्येकाऐवजीं एक नकली माणूस हवा. आणि त्यांचीं वयें, कुटुंबांची माणसें, कामधंदे हे सर्व एकंदरींत खऱ्या पुण्याच्या प्रमाणांत यावयास हवेत. कोण हिंजवडीस जातो, कोण मार्केट यार्डांत हमाली करतो, कोण बसनें जातो, कोण पायीं, कोणाचें पोर कोणत्या शाळेंत, हें सारें कळावें लागतें. अशी माहिती घरोघर जाऊन जमविण्याची परंपरा पुण्यांत जुनी आहे. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेनें धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं १९३६-३७ च्या सुमारास शहरांतील कुटुंबांची जी पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ व १९५२ सालीं प्रसिद्ध झाले. १८९७ सालीं शिपाई ज्या उंबरठ्यांवर बूट वाजवीत गेले, त्याच शहरांतील उंबरठ्यांवर चाळीस वर्षांनीं कारकून वही-पेन्सिल घेऊन बसले, आणि लोकांनीं त्यांना घरांतील माणसें, मिळकत, भाडें सांगितलें. शहर जाणून घेण्याचा हा मार्ग निराळा होता, आणि व्यक्तिगणिक प्रतिमानाला लागणारी माहिती याच मार्गानें मिळते.

ती माहिती मिळाली, कीं संगणकांतील घड्याळ चालूं होतें. नकली माणसें सकाळीं घरांतून निघतात, प्रवास करतात, कचेरींत किंवा शाळेंत जातात, संध्याकाळीं परततात. प्रत्येक तासाला संगणक पाहतो, कीं रोग्याजवळ कोण आहे. आणि प्रत्येक जवळच्या माणसासाठीं एक चिठ्ठी काढतो. चिठ्ठीचा कौल विरुद्ध पडला तर त्या माणसाला लागण होते. मग कांहीं दिवस तो लक्षणांवांचून हिंडतो, पुढें आजारी पडतो, बरा होतो किंवा मरतो. या रहाटगाडग्यांत मधेंच हुकूम सोडतां येतो: शाळा बंद, कचेऱ्या निम्म्या, बाजार एक दिवसाआड, अमुक वयावरील लोकांना लस. हुकुमासह व हुकुमाविना, अशा दोन्ही तऱ्हांनीं तेंच शहर शेंकडों वेळां चालवून निकाल ताडून पाहतां येतात.

९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील कोविडचे पहिले रोगी पुण्यांत आढळले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस सारा देश बंद झाला. त्याच वर्षीं थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर संस्थेच्या पुण्यांतील अभियंत्यांनीं रस्ट नांवाच्या संगणकीय भाषेंत 'एपिरस्ट' हें व्यक्तिगणिक प्रतिमान रचून त्यांत पुण्याच्या लोकसंख्येइतकीं माणसें खेळविलीं. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं मिळून बंगळूर व मुंबई या शहरांचें प्रतिमान केलें. मुंबईच्या कचेऱ्या व लोकल गाड्या टप्प्याटप्प्यानें सुरू केल्या तर काय होईल, याचा अभ्यास त्यावर झाला. पुढें अशोका विद्यापीठानें थॉटवर्क्सच्या सहकार्यानें 'भारतसिम' नांवाची अशीच मांडणी केली.

त्या उन्हाळ्यांत पुण्याच्या पेठा बांबूंनीं व पत्र्यांनीं बंद होत्या. मग जुलै-ऑगस्टांत आयसर, सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ व इतर संस्थांनीं, साथ जेथें अधिक होती अशा पांच प्रभागांत १६६४ लोकांचें रक्त तपासलें. त्यांतील ५१.५ टक्के लोकांना रोग होऊन गेल्याच्या खुणा सांपडल्या. परंतु या सरासरीच्या पोटांत काय होतें तें पाहा. कसबा पेठ-सोमवार पेठ प्रभागांत हें प्रमाण ३६.१ टक्के होतें, लोहियानगर-कासेवाडींत ६५.४ टक्के. ज्यांच्या घरीं स्वतंत्र शौचालय होतें त्यांच्यांत ४५.३ टक्के, आणि ज्यांना सामायिक शौचालय वापरावें लागे त्यांच्यांत ६२.३ टक्के. मुंबईंत जुलै २०२० मध्यें तीन वॉर्डांत झालेल्या तपासणींत तर झोंपडपट्ट्यांत सुमारें ५७ आणि इतरत्र सुमारें १६ टक्के, असा फरक निघाला होता.

हें अंतर तीन गटांच्या जुन्या गणितांत मावत नाहीं. व्यक्तिगणिक प्रतिमानांत मावूं शकतें, पण सामायिक नळ आणि सामायिक शौचालय त्यांत कोणी मांडलें तरच. समजा, एका वस्तींत वीस बिऱ्हाडांना मिळून दोन शौचालयें आहेत. घराबाहेर पडूं नका हा हुकूम तेथें शब्दशः पाळतांच येत नाहीं. बंगल्यांतील माणसाचे संबंध त्या हुकुमानें दहावरून चारांवर येतील. वस्तींतील माणसाचे कामावरचे संबंध तुटतील, पण पहांटेच्या रांगेंतले राहतील. प्रतिमान करणाऱ्यानें ही रांग वगळली, तर संगणक सांगेल कीं बंदीनें साथ थांबते. आणि ती थांबली नाहीं म्हणजे दोष लोकांच्या बेशिस्तीवर ढकलला जाईल. १८९७ च्या चित्रांतून उंदीर सुटला होता. आजच्या चित्रांतून रांग सुटूं शकते. संगणक वेगवान असल्यानें ही चूक टळत नाहीं. फार तर ती अधिक दशांश स्थळांपर्यंत मांडली जाते.

याहूनहि अवघड गोष्ट म्हणजे माणसाचें मन. नकली माणूस सांगितल्याप्रमाणें वागतो. खरा माणूस शेजाऱ्याकडे पाहतो, अफवा ऐकतो, पोटाचा विचार करतो, आणि ज्याच्यावर विश्वास असेल त्याचें ऐकतो. प्रतिमानांत कांहीं माणसें हुकूम पाळणार नाहींत, असें प्रमाण घालतां येतें. पण तें किती धरावें हें गणितांतून निघत नाहीं, तें शहराच्या इतिहासांतून काढावें लागतें. ज्या घराला इस्पितळाची धास्ती आहे, तेथें रोगी लपविला जाईल. मजुरी बुडेल म्हणून ताप अंगावर काढला जाईल. आणि जेथें सावित्रीबाईंसारखें कोणी दारांत उभें असेल, तेथें रोगी आपण होऊन बाहेर येईल. या तिन्ही गोष्टी साथीच्या वेगावर औषधाइतकाच परिणाम करतात.

मग या विद्येचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. १८९७ सालीं शहराचें चित्र कांहीं अधिकाऱ्यांच्या मनांत होतें. पुणेंकरांना तें दिसत नव्हतें, त्यांतील चूक दाखविण्याची सोय नव्हती. वृत्तपत्रांनीं ओरड केली ती परिणाम भोगल्यानंतर. प्रतिमान रचावयाचें म्हटलें म्हणजे मनांतील समजूत अक्षरशः लिहून काढावी लागते. एका घरांत किती माणसें धरलीं, रांग धरली कीं नाहीं, हुकूम किती लोक पाळतील असें मानलें, हें सर्व आज्ञावलींत नोंदलेलें असतें, आणि जें लिहिलेलें आहे तें दुसऱ्याला वाचतां येतें. एपिरस्टची आज्ञावली सर्वांना खुली ठेवण्यांत आली. उलट, मार्च २०२० मध्यें लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या ज्या प्रतिमानाच्या आधारें ब्रिटनमध्यें मोठे निर्णय झाले, त्याची आज्ञावली प्रथम बाहेर आलेली नव्हती. शास्त्रज्ञांनीं मागणी लावून धरल्यावर ती प्रसिद्ध करण्यांत आली. ज्या हुकुमानें लोकांचीं दारें बंद होतात, त्या हुकुमामागचें गणित तपासण्याचा हक्क त्या दारांआड राहणाऱ्यांना असला पाहिजे, हें त्या मागणीचें मर्म होतें.

म्हणून पुढें केव्हां पुण्यावर साथ आली आणि संगणकाच्या आधारानें अमुक उपाय ठरला असें आपल्या कानीं आलें, तर आकृतीच्या रेषा पाहून दबून जाण्याचें कारण नाहीं, आणि तें सारें थोतांड म्हणून झिडकारण्याचेंहि कारण नाहीं. आपण दोन-तीन साधे प्रश्न विचारावे. या संगणकांतील पुण्यांत आमची वस्ती आहे काय? तिच्यांतील नळ, रांग, बाजार आणि सणवार आहेत काय? तेथील माणसें घाबरतात काय, आणि घाबरलीं म्हणजे काय करतात? हे प्रश्न विचारण्यास गणित यावें लागत नाहीं. आपलें शहर ठाऊक असावें लागतें. आणि त्यांचीं उत्तरें, हुकूम सुटण्यापूर्वीं, भर सभेंत मिळालीं पाहिजेत.